स्मरणाची कळ

एखादी गोष्ट लक्षात ठेवण्याचे काम आपण यंत्राकडे सोपवले, तर त्यात काही नैतिक दोष आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. वाणसामानाची यादी कागदावर लिहिणारी गृहिणी कोणतेही पाप करीत नाही आणि पंचांगात तिथी पाहणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. तरीही गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. त्याला निमित्त झाला तो पोलादपूरच्या एका घरातला बिनतारी दूरध्वनी आणि त्यावरची आठ बटणे.

२५ व २६ जुलै २००५ या दोन दिवसांच्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या व शंभराहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्या वेळी मदतीचे सामान घेऊन निघालेल्या काही तरुणांबरोबर मी या मुलखात प्रथम आलो. पोलादपुरात एका निवृत्त शिक्षक दांपत्याने आम्हाला आपल्या पडवीत आसरा दिला. दोघांचीही हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलेली. सारे गाव त्यांना 'गुरुजी' आणि 'बाई' म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. त्यांचा धर्म वेगळा, माझा वेगळा. पण त्या पडवीत आम्हा सर्वांची अंथरुणे एकाच ओळीत पडली होती. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा त्या घरी जाणे हा माझा नेम झाला.

२००७ साली त्यांच्या पुण्याच्या मुलाने घरी बिनतारी दूरध्वनी आणला. गुरुजींचा हात थरथरू लागला होता आणि बाईंना काचबिंदूने गाठले होते. लहान आकडे त्यांना दिसेनासे झाले होते. मुलगा संच ठेवून रात्रीच्या गाडीने परत गेला. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो, तेव्हा बाईंनी माहितीपुस्तिका माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "फादर, तुमचं इंग्रजी चांगलं. तेवढे नंबर आत भरून द्या."

आठ जागा

त्या संचात २ ते ९ या बटणांवर आठ क्रमांक साठवण्याची सोय होती. बटण दाबून धरले की क्रमांक आपोआप लागे. पाचाच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो, हे आपण डोळस माणसे क्वचित लक्षात घेतो. बाईंनी तो पहिल्याच स्पर्शात ओळखला. "ही पुटकुळी छान आहे," त्या म्हणाल्या, "हिच्यावरून डावीउजवीकडे, वरखाली मोजता येईल."

मग प्रश्न आला की या आठ जागा कोणाला द्यायच्या? मला वाटले होते, पाच मिनिटांचे काम आहे. बाईंनी एक रात्र मागून घेतली. सकाळी त्यांनी यादी सांगितली. दोनावर खालच्या घरची वहिनी. तिचा मुलगा रिक्षा चालवीत असे. तीनावर डॉक्टर. चारावर महाडला दिलेली मुलगी. पाचावर पुण्याचा मुलगा. सहावर गुरुजींचे धाकटे बंधू, सातावर गॅसवाले, नवावर साताऱ्याची बहीण. आणि आठावर मी.

शेजारणीला सर्वांत आधी जागा मिळालेली पाहून मी थोडा चकित झालो. बाई म्हणाल्या, "पोरगा जीव लावणारा आहे, पण तो पुण्याहून यायला पाच-सहा तास. वहिनी पाच मिनिटांत येते." मग मुलाला पाचावर का, असे मी विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, "त्याचा नंबर अंधारातसुद्धा सापडला पाहिजे."

सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे प्रेमाच्या क्रमावरील विवेचन अभ्यासले होते. माणसाने सर्वांवर प्रेम करावे हे खरे. परंतु कोणावर आधी, कोणावर अधिक, रक्ताच्या नात्यावर की अधिक गुणवानावर, असे प्रश्न त्या महापंडिताने एकामागून एक घेतले आहेत. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. पोलादपूरच्या त्या माजघरात एका शिक्षिकेने तोच प्रश्न एका रात्रीत सोडवला. जवळच्या हाताला पहिली जागा आणि जवळच्या काळजाला अंधारात सापडेल अशी जागा. याहून सुबोध उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

मी आठही क्रमांक भरले. प्रत्येक बटण दाबून पाहिले. आठवे बटण दाबताच माझ्या खिशातला मोबाइल वाजला आणि गुरुजी लहान मुलासारखे हसले. त्या हसण्यात मीही सामील झालो. आपण एक वचन देत आहोत हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

नावाचा झाला आकडा

दूरध्वनीला आरंभी क्रमांक लक्षात ठेवण्याची गरज फारशी नव्हती. मध्ये माणूस होता. रिसीव्हर उचलला की केंद्रावरचा माणूस बोले, त्याला 'अमुक डॉक्टरांकडे जोडा' म्हटले की तो जोडून देई. लहान गावात तर डॉक्टर घरी आहेत की बाहेरगावी गेले आहेत, हेही त्याला ठाऊक असे. या मधल्या माणसाला बाजूला सारणारे स्वयंचलित केंद्र शोधून काढले ते अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्या व्यावसायिकाने. केंद्रावरील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता अशी कथा सांगतात. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे तसले पहिले केंद्र सुरू झाले. माणसावरच्या अविश्वासातून यंत्र आले आणि नाव ओळखणारा माणूस गेल्यावर प्रत्येक नावाचा आकडा झाला.

आकडे लक्षात ठेवणे माणसाला जड जाते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की आपल्या मनाला एका वेळी सुमारे सातच सुट्या गोष्टी धरता येतात. दोन इकडे, दोन तिकडे. आपले मोबाइलचे क्रमांक दहा आकडी आहेत. तेव्हा आकड्यांचे ओझे आपण यंत्रावर टाकले यात नवल नाही. आधी केंद्रावरचा माणूस स्मरण करी, मग आपण करू लागलो, आता बटण करते.

परंतु बटणाच्या स्मृतीत एक उणीव आहे. तिला जे सांगितले ते ती कधी विसरत नाही. पण जग बदलले हे तिला कळत नाही. महाड आणि पोलादपूर ही गावे एकमेकांपासून जेमतेम वीस किलोमीटरवर. एकाच महामार्गावर, एकाच सावित्रीच्या काठी. तरी दूरध्वनीच्या हिशेबी ती दोन वेगळी क्षेत्रे आहेत. महाडचा संकेतांक ०२१४५, पोलादपूरचा ०२१९१. मी बटणे भरली त्या काळी राज्यातल्या राज्यात बोलताना शून्याऐवजी ९५ लावण्याची पद्धत होती. चौथ्या बटणावर लेकीचा क्रमांक मी तसाच भरला. पुढे ती पद्धत बंद झाली आणि बाईंचा लेकीला फोन लागेना. लेक रागावली आहे की काय, अशा चिंतेत त्यांनी चार दिवस काढले. मी गेलो तेव्हा उलगडा झाला. मी ९५ काढून शून्य घातला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "बाई, आता काळजी नको."

हे मी मुद्दाम सांगतो आहे. साठवलेली स्मृती शिळी होते, हे मला माहीत नव्हते अशी सबब मला पुढे सांगता येणार नव्हती.

१५ जानेवारी २०२१ पासून देशभर नवा नियम लागू झाला. घरच्या दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावणे आवश्यक ठरले. वर्तमानपत्रांत बातमी आली. मी ती वाचली, घडी घातली आणि बाजूला ठेवली. पोलादपूरच्या त्या फडताळावरील संचात दोन, पाच आणि आठ या बटणांवर बिनशून्याचे मोबाइल क्रमांक होते, हे माझ्या मनाला शिवलेही नाही. पुण्याच्या मुलाच्याही ध्यानात आले नाही, कारण रोज रात्री तोच आईला फोन करी. येणारा फोन नियमाने वाजत होता, म्हणून जाणारा फोन बंद पडला आहे हे कोणालाच समजले नाही. सहा महिने पाचवे बटण दाबण्याची वेळच आली नाही. आमचे येणेजाणेही महामारीमुळे थांबले होते.

बावीस जुलै

२२ जुलै २०२१. त्या दिवशी सावित्रीच्या उगमाशी, महाबळेश्वरावर, चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. ते सारे पाणी पोलादपूरवरून खाली महाडला उतरले. महाडची बाजारपेठ बुडाली. संध्याकाळच्या सुमारास तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज नव्हती, मोबाइलची सेवा कोलमडली होती, रस्ते पाण्याखाली होते. तळिये येथे मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. डोंगराच्या कुशीत एक वाडी नाहीशी झाली आणि हाक मारायला साधन उरले नव्हते.

रस्ते खुले होताच काही जणांबरोबर मी महाडला पोहोचलो. बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. दुकानांतले भिजलेले धान्य, कापड, वह्यापुस्तके यांचे ढीग रस्त्यावर आले होते. त्या ढिगांत दूरध्वनीचे संचही पडलेले दिसले. सामान उतरवताना माझा मोबाइल चिखलपाण्यात पडला आणि बंद झाला. एका दुकानदाराने आपला मोबाइल पुढे केला. "फादर, घरी कळवा. पण लवकर, चार्जिंग संपत आलंय."

मला वसईच्या थोरल्या बहिणीला फोन करायचा होता. ती देवघरापाशी बसून माझी वाट पाहत असणार, हे मला ठाऊक होते. मी मोबाइल हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. तिचा क्रमांक मला आठवेना. पहिले दोन आकडे आठवले, पुढे अंधार. मग दुसरा कोणाचा आठवतो काय म्हणून मनाशी धुंडाळू लागलो. धर्मग्रामातल्या कार्यालयाचा नाही, मित्राचा नाही, भाच्याचा नाही. आठवला तो एकच क्रमांक, पूर्वीचा सात आकडी, मी विद्यार्थी असताना सेमिनरीत होता तो. मुंबईचे क्रमांक २००२ साली आठ आकडी झाले, तेव्हाच तो निरुपयोगी झालेला. ज्याने आपले सारे सामान चिखलात टाकले होते, त्या माणसाने मला त्याच्या उरल्यासुरल्या विजेतला वाटा दिला होता. आणि मी तो न वापरता परत केला.

दुसऱ्या दिवशी पोलादपूर गाठले. गुरुजी खाटेवर बसले होते, चेहरा उतरलेला. बाईंनी चहा टाकला आणि झालेले सांगितले. बावीस तारखेला सकाळी गुरुजींना दम्याचा झटका आला. बाहेर पाऊस कोसळत होता. बाईंनी पुटकुळी चाचपून पाचवे बटण दाबले. पलीकडून मुलाऐवजी कोणी बाई एकसुरात बोलू लागली. बाईंचे कान आता पूर्वीचे राहिले नव्हते. त्यांना वाटले, मुलाचा फोन बंद आहे. पुन्हा दाबले, पुन्हा तीच बाई. मग त्यांनी आठवे बटण दाबले. तिथेही तीच. तेवढ्यात वीज गेली आणि संचच मुका झाला.

येथे दूरध्वनीच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. साधा, तारेचा दूरध्वनी घरातल्या विजेवर चालत नाही. केंद्रातल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून तारेवाटे येणाऱ्या विजेवर तो चालतो. म्हणून घरात काळोख असला तरी, केंद्र आणि तार शाबूत असेपर्यंत, तो बोलतो. बिनतारी संचाच्या हातातल्या भागात छोटी बॅटरी असते. परंतु त्याची बैठक भिंतीतल्या विजेवर चालते. वीज गेली की बैठक झोपते आणि हातातल्या भागाला नुसती बटणे उरतात. सर्वांत सोयीचे साधन सर्वांत कठीण वेळी निकामी होते, ते असे. जुना तारेचा संच त्या घरात होता. पण माळ्यावर, फडक्यात गुंडाळून.

शेवटी बाईंनी मागच्या दारात जाऊन वहिनीला हाक मारली. वहिनीचा मुलगा धावत आला. रिक्षा निघणे शक्य नव्हते. त्याने गुरुजींना पाठीवर घेतले आणि ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले. गुरुजी वाचले.

सारे सांगून झाल्यावर बाई अगदी सहजपणे म्हणाल्या, "फादर, तुम्हालाही लावला होता. तुम्ही कामात असाल."

मराठीत 'कळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. यंत्र चालवणारी तीही कळ आणि काळजात उठते तीही कळ. पहिलीने काम केले नव्हते. दुसरी मला त्या क्षणी उठली. वीज परत आली होती. मी उठून पाचवे बटण दाबले. ध्वनिमुद्रित आवाजाने क्रमांकाआधी शून्य लावण्याची सूचना केली. आठवे दाबले. तीच सूचना. माझ्याच नावाच्या बटणावर मी चौदा वर्षांपूर्वी भरलेला क्रमांक मला सापडत नव्हता.

दोष कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोष यंत्राचा होता काय? मला तसे वाटत नाही. यंत्राने मी सांगितले ते तंतोतंत केले. नियम करणाऱ्यांनी तो आगाऊ जाहीर केला होता. मग आकडे पाठ न करणाऱ्या बाईंचा? ज्यांना आकडे दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, त्यांच्याकडून पाठांतराची अपेक्षा धरणे निर्दयपणाचे होईल. वयाबरोबर ज्यांची स्मृती ओसरते, त्यांचे विसरणे हा अपराध नव्हे. त्यांच्यासाठी ते बटण म्हणजे आधाराची काठी आहे आणि काठीला कोणी नावे ठेवू नयेत.

यंत्रावर स्मृती सोपवण्याची तक्रार जुनी आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात इजिप्तच्या एका राजाची कथा येते. थ्यूथ नावाची देवता लेखनकलेचा शोध घेऊन राजाकडे येते आणि या कलेमुळे लोकांची स्मृती वाढेल असे सांगते. राजा उत्तर देतो की उलटेच घडेल. बाहेरच्या खुणांवर विसंबून माणसे आतून विसराळू होतील. राजाचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. पण ही कथा आपल्यापर्यंत आली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून, हेही विसरता येत नाही. तेव्हा लिहिणे वाईट, पाठांतर चांगले, इतका सोपा निवाडा येथे चालणार नाही.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागलेली नाही. छापील नोंद नष्ट झाली. तरी ग्रंथ टिकला, कारण लोक तो हाताने उतरवून घेत राहिले, वाचत राहिले, गात राहिले. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तो अशा हस्तलिखितांच्या आधाराने. एकदा नोंदवले म्हणून तो राहिला नाही. पुन्हा पुन्हा हात लागला म्हणून राहिला.

मला वाटते, येथे उत्तराची किल्ली आहे. नोंद आणि स्मरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंद एकदा करायची असते. स्मरण पुन्हा पुन्हा करावे लागते. नोंद वस्तू आहे. स्मरण कृती आहे. नोंद आकड्याची होते. स्मरण माणसाचे होते. नोंद करण्यात दोष नाही. नोंद केली म्हणजे स्मरणाचे कर्तव्य फिटले, असे मानण्यात दोष आहे. २००७ साली मी आठ क्रमांक भरले आणि मनातल्या मनात त्या दोन वृद्ध जिवांची व्यवस्था झाली, असे ठरवून मोकळा झालो. बटणाने माझी स्मृती हिरावून घेतली नाही. मीच तिला सुटी दिली.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या खंडात स्मृतीचे विस्तीर्ण मैदान आणि प्रशस्त वाडे वर्णिले आहेत. त्यात ते शुभवर्तमानातील नाणे हरवलेल्या स्त्रीचा दाखला घेतात. दिवा लावून, घर झाडून ती नाणे शोधते. ऑगस्टीन म्हणतात की ते नाणे तिच्या स्मरणात नसते, तर ते सापडल्यावरही तिला ओळखता आले नसते. हरवलेल्याचा शोध घ्यायलाही थोडे स्मरण शिल्लक असावे लागते. मला या दाखल्यातील पुढची पायरी चिखलातल्या महाडने शिकवली. आपण एखादी गोष्ट पूर्णपणे दुसऱ्यावर सोपवली, तर ती हरवली आहे हेही आपल्याला समजत नाही. बहिणीचा क्रमांक मी हरवला होता तो त्या दिवशी नव्हे; कित्येक वर्षांपूर्वी, तो साठवला त्याच दिवशी. कळले मात्र त्या दिवशी.

घरी परतल्यावर मी बहिणीला विचारले, "माझा नंबर तुला पाठ आहे काय?" तिने एका दमात दहाही आकडे म्हणून दाखवले. तिच्या मोबाइलमध्ये तो साठवलेला नव्हता. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिला होता आणि दर वेळी ती एकेक आकडा बोटाने दाबत असे. भाच्याने अनेकदा सांगूनही तिने तो साठवला नव्हता. का, असे विचारता ती म्हणाली, "आकडे दाबेपर्यंत तुला काय विचारायचं ते आठवतं." तिच्या त्या अर्ध्या मिनिटात माझ्यासाठी किती जागा होती, हे मला प्रथमच समजले.

पहिल्या तारखेचा फोन

सर्वांनी माझ्या बहिणीसारखे वागावे असा माझा आग्रह नाही. ते शक्यही नाही. पण ज्याने दुसऱ्यासाठी नोंद करून दिली, त्याने त्या नोंदीची राखण पत्करली आहे, असे मी मानतो. शेताला कुंपण घातले म्हणजे राखण संपत नाही. कुंपण कुठे पडले आहे काय, हे पाहत फिरावे लागते. आईवडिलांच्या हाती मोबाइल देणारी मुले, शेजारच्या आजोबांना क्रमांक भरून देणारे तरुण, आजाऱ्याच्या उशाशी आपला क्रमांक लिहून ठेवणारे आपण सारे, या प्रत्येकाने एक वचन दिलेले असते. ते पाळायचे तर अधूनमधून त्या घरी जावे लागते आणि बटण दाबून पाहावे लागते.

त्या दिवशी आम्ही पोलादपुरात तीन कामे केली. तीनही मोबाइल क्रमांकांपुढे शून्य घातला. माळ्यावरचा तारेचा संच काढून, पुसून, बिनतारी संचाशेजारी जोडला. एका पुठ्ठ्यावर बोटभर उंचीच्या आकड्यांत तीन क्रमांक लिहून तो भिंतीला टांगला. वहिनीच्या मुलाला तो दाखवून ठेवला, म्हणजे बाईंना दिसले नाही तरी कोणीतरी वाचील. जुने क्रमांक पुसताना मी नवव्या बटणाशी थांबलो. साताऱ्याची बहीण दोन वर्षांपूर्वी निवर्तली होती आणि तिचे घर बंद झाले होते. "हा काढू काय?" मी विचारले. बाई म्हणाल्या, "राहू द्या. बटणं मोजताना हात शेवटी तिथं जातो." मी तो तसाच ठेवला. दोन नोव्हेंबरला आपण मृतांची नावे वाचतो, तेव्हा तरी कोणी उत्तर देईल म्हणून थोडेच वाचतो?

मग बाईंनी स्वतःच एक नेम सुचवला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या ओळीने सगळी बटणे दाबून पाहतील. काम काही नाही. लागतो की नाही एवढेच पाहायचे. तो नेम त्यांनी आजतागायत मोडलेला नाही. गुरुजी २०२३ साली गेले, त्या महिन्यातही मोडला नाही. माझी पाळी सातव्या क्रमांकाच्या गॅसवाल्यानंतर येते. फोन वाजतो. पलीकडून बाई विचारतात, "लागला का?" मी म्हणतो, "लागला, बाई." बहुधा एवढेच बोलणे होते. आणि महिन्यातून एकदा तरी, प्रवचनात सांगतो तितके नव्हे पण खरे, मी दुसऱ्याच्या स्मरणात आहे आणि दुसरे कोणी माझ्या, याची खूण पटते.

मी आता चार क्रमांक पाठ केले आहेत. या वयात ते सोपे गेले नाही. सकाळी फिरताना मी ते पुटपुटतो. लोकांना वाटते, फादर रोझरी म्हणत आहेत. ज्यांचे ते क्रमांक आहेत त्या चौघांची आठवण प्रत्येक आकड्याबरोबर होते, तेव्हा त्यांचा समज फारसा चुकीचा नाही.

वाचकहो, आपल्याही घरात एखादे असे बटण असेल. दिवंगत पित्याने भरलेले, परदेशी गेलेल्या मुलीने भरलेले, किंवा आपणच कोणा वृद्धासाठी भरून विसरून गेलेले. आज रात्रीचे जेवण आटोपले की ते दाबून पाहा. लागले तर दोन शब्द बोला. लागले नाही, तर उद्या सकाळी त्या घरी जा.